झुंबरबाईंच्या बागेतली वाट

त्र्याण्णव साली मला मधुमेह निघाला आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगा स्वराज अकरावीत होता, आणि आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये नुकते राहायला आलो होतो. इंदिरानगर तेव्हा अर्धं बांधलेलं होतं. शेवटच्या विजेच्या खांबापुढे सरळ शेतं सुरू व्हायची. कॉलनीतले लोक कॉलनीतच फेऱ्या मारायचे. मला त्याच त्या फाटकांसमोरून फिरायचा कंटाळा आला, म्हणून एका रविवारी सकाळी मी खांबाच्या पलीकडे गेले आणि बैलगाडीच्या चाकोरीतून वालदेवी नदीच्या दिशेने चालत राहिले.

त्या चाकोरीवर मला भिमाजी भेटले. मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. कुणाकडे जायचंय म्हणून त्यांनी विचारलं. कुणाकडेच नाही, नुसती चालायला आलेय, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना ते खरं वाटेना. त्यांनी बायकोला हाक मारली. भागुबाई शेवंतीच्या वाफ्यातून उठून आल्या, त्यांनीही मला एकदा नीट बघून घेतलं आणि मग बांधावर घोंगडी टाकून बसायला सांगितलं. त्या दिवशी मी त्यांच्याकडे बाजरीची भाकरी आणि मेथीची ओली भाजी खाल्ली. साखरेचं सांगितलं तर भागुबाई म्हणाल्या की बाजरीनं काही होत नाही.

भिमाजींनी मला पुढची वाट दाखवली. त्यांच्या मळ्यापुढे नदी होती, नदीत पाय ठेवायला दगड होते, आणि पलीकडे बेलगव्हाण. हे गाव मी शहराच्या इतक्या जवळ असून कधी पाहिलं नव्हतं. दगडी वेस अजून उभी होती. पांढऱ्या मातीच्या गढीचा एक बुरूज शिल्लक होता आणि त्यावर घायपात वाढला होता. गावाबाहेर खोल बारव होती, आत महादेव, आणि मारुतीच्या देवळामागे ओळीने वीरगळ मांडलेले. लढाईत मेलेल्या माणसांचे ते कोरलेले दगड. भिमाजींना त्यातल्या एकेकाची गोष्ट माहीत होती. हा गाई सोडवताना मेला, बघा खाली गाई काढल्यात. ह्याची बायको सती गेली, तो बांगड्यांचा हात. शाळा चौथीपर्यंतच झालेला माणूस, पण माझ्या शाळेतल्या इतिहासाच्या शिक्षकांपेक्षा चांगलं सांगत होता.

मी पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. मग शेजारच्या दोघी यायला लागल्या, मग त्यांचे नवरे. शहाण्णवपर्यंत आम्ही पंधरा-वीस जण झालो होतो. सकाळी साडेसहाला खांबापाशी जमायचं, शेतांमधून बेलगव्हाणला जायचं, बारवेच्या पायऱ्यांवर बसून डबे खायचे आणि उन्हं चढायच्या आत परत यायचं. मोसमाप्रमाणे वाट बदलायची. थंडीत द्राक्षबागांच्या कडेनं जायचो, पावसात नदीला पाणी असलं की अलीकडेच मळ्यांमधून फिरून यायचो. शेतकऱ्यांना आमचं हसू यायचं, पण कुणी अडवलं नाही.

ह्या वाटेचा पहिला तुकडा भिमाजींच्या भावजयीच्या, झुंबरबाईंच्या, पेरूच्या बागेतून जायचा. झुंबरबाई विधवा होत्या. दोन मुली, दोघी सिन्नरकडे दिलेल्या. त्या बागेतल्या पत्र्याच्या घरात एकट्या राहायच्या. त्यांच्या सासऱ्यांनी दोन भावांची वाटणी केली तेव्हा थोरल्याला रस्त्याकडची जमीन दिली आणि धाकट्याला, म्हणजे भिमाजींना, नदीकडची. धाकट्याची गाडी जावी म्हणून पेरूच्या दोन ओळींमध्ये गाडीपुरती जागा सोडायला त्यांनी तोंडीच सांगितलं. ती जागा पस्तीस वर्षं तशीच होती. भिमाजींची बैलगाडी तिथूनच भाजी घेऊन निघायची. दर रविवारी आम्ही आत जात असताना गाडी बाहेर येत असायची आणि आम्ही सगळे पेरूच्या झाडांना पाठ लावून उभे राहायचो. झुंबरबाई आणि भागुबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या, कशावरून ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. पण गाडी कधी थांबली नव्हती.

मी शिक्षिका. मी आमच्या लोकांना नियम घालून दिले होते. फळाला हात लावायचा नाही, कागद टाकायचा नाही, आणि कुणाच्या शेतात न विचारता पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे दर रविवारी मी झुंबरबाईंच्या दारात थांबून येऊ का म्हणून विचारायचे. पहिल्याच वेळी त्या हसल्या होत्या.

"वाट हाय ती, बाई. वाटेला काय विचारायचं?"

तरी मी विचारत राहिले. मला तसं विचारणं चांगलं वाटायचं. आपण शहरातले असून उद्धट नाही, असं मला स्वतःबद्दल वाटायचं.

सत्त्याण्णवच्या सुमारास महेश आमच्यात आला. आमच्याच गल्लीतला, सातपूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर, पस्तिशीचा. तो मला मॅडम म्हणायचा. बोलायला अतिशय सौम्य. म्हाताऱ्यांचे डबे उचलायचा, नदी ओलांडताना हात द्यायचा. भिमाजींना तो पुष्कळ प्रश्न विचारायचा. ही जमीन कुणाची, विहिरीला पाणी किती, ह्या घरात भाऊ किती, कुणाचं कुणाशी पटत नाही. आम्ही वीरगळ बघत असायचो तेव्हा तो गावातल्या लोकांशी बोलत बसायचा. मला कौतुक वाटायचं. बाकीचे लोक नुसते हवा खायला येतात, ह्याला माणसांत रस आहे, असं मी स्वराजजवळ बोललेही होते.

दोन हजार साली इथल्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी ह्या वाटांवर लेख लिहिला. बरा जमला होता. बऱ्याच लोकांनी फोन केले. त्यात झुंबरबाईंवर एक परिच्छेद होता. "झुंबरबाईंच्या परवानगीशिवाय आम्ही त्यांच्या बागेत पाऊल टाकत नाही. त्या दर रविवारी 'या' म्हणतात, ही त्यांची माया. त्यांनी नाही म्हटलं, तर आमची वाट तिथेच संपेल." वाक्यं मला आवडली होती म्हणून ती मी दोनदा घासूनपुसून लिहिली होती. वीरगळांच्या गोष्टी मी भिमाजींच्या तोंडून ऐकल्या तशाच दिल्या, फक्त त्यांचं नाव घातलं नाही. "गावकरी सांगतात" असं लिहिलं. भिमाजींनी तो लेख बेलगव्हाणच्या तलाठ्याकडून वाचून घेतला. पुढच्या रविवारी त्यांनी चांगला लिहिलाय म्हणून सांगितलं. मग विचारलं की त्यात माझं नाव कुठं आलं का. मी म्हटलं, जागा कमी होती. त्यांनी मान हलवली.

सिंहस्थ जवळ आला तसे शहराच्या कडेचे रस्ते रुंद व्हायला लागले. खांब पुढे पुढे सरकले. महेशनं नोकरी सोडली होती आणि दुसऱ्या एकाबरोबर बांधकामाचा धंदा सुरू केला होता. दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर तो माझ्याकडे आला आणि झुंबरबाईंना भेटायला जाऊ म्हणाला. त्यांच्यानं आता बाग होत नाही, मजूर मिळत नाहीत, मुली लक्ष देत नाहीत, त्यांना म्हातारपणाची सोय हवी आहे. तुम्ही बरोबर असलात तर त्यांना धीर येईल. मी विचारलं, वाटेचं काय. तो म्हणाला, मॅडम, वाट तर आपलीच आहे, ती कशी जाईल?

मी गेले. झुंबरबाईंनी चहा केला. महेश हात धुवायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं.

"बाई, माणूस कसा हाय?"

मी म्हटलं, "आमच्याच गल्लीतला आहे. चांगला आहे."

एवढंच. त्यांनी दुसऱ्या कुणालाही विचारलं नाही, कारण विचारायला त्यांना दुसरं कुणी नव्हतं. पुढच्या महिन्यात खरेदीखत झालं. त्यांचं पत्र्याचं घर आणि भोवतीची चार झाडं त्या असेपर्यंत राहतील असं महेश बोलला होता. ते कागदावर नव्हतं. कागदावर होतं ते असं, की ह्या जमिनीतून कुणाचीही वहिवाट नाही, कुणाला जाण्यायेण्याचा हक्क नाही. त्याखाली झुंबरबाईंचा अंगठा होता.

बाग मार्चमध्ये तोडली. घर मे महिन्यात गेलं आणि झुंबरबाई थोरल्या मुलीकडे सिन्नरला गेल्या. जाताना त्या मला भेटल्या नाहीत, मीही गेले नाही. जूनमध्ये चारी बाजूंनी भिंत उभी राहिली. भिमाजींच्या मळ्याला रस्त्याकडे यायला वाट उरली नाही. महेशच्या माहितीपत्रकात त्या जागेचं नाव 'पेरूबाग' होतं. आतल्या पानावर लिहिलं होतं, शेतांमधून, फळबागांमधून ऐतिहासिक गावाकडे नेणारी सुंदर पायवाट. ते वाक्य माझ्या लेखातलं होतं.

भिमाजी महेशकडे गेले. महेशनं त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की मी कायद्याबाहेर काहीच केलेलं नाही. हवं तर तुमची जमीनही घेतो, चांगला भाव देतो. भिमाजींनी तहसीलदाराकडे वहिवाटीचा दावा लावला. नकाशात रस्ता दाखवलेला नव्हता, तेव्हा वाट पूर्वीपासून वापरात होती हे साक्षीदारांनी सिद्ध करायचं होतं. गावातल्या दोघातिघांनी जबाब दिले, पण ते भिमाजींचे भाऊबंद. बाहेरचा, शिकलेला, ज्याला ह्यात काही मिळवायचं नाही असा साक्षीदार पाहिजे, असं त्यांच्या वकिलांनी सांगितलं. भिमाजी आणि भागुबाई दोघं माझ्या घरी आले. दहा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या घरी आले होते. त्यांनी शेवंतीची एक पाटी आणली होती. मी अर्थातच येईन म्हणाले. यायलाच हवं होतं. दहा वर्षं दर रविवारी मी त्या वाटेनं गेले होते, माझ्या वह्यांत तारखा होत्या.

स्वराज त्या वेळी सत्तावीस वर्षांचा होता. त्याचं लग्न ठरत होतं. सुनावणीच्या आदल्या आठवड्यात जेवताना त्यानं सांगितलं की त्यानं पेरूबागेत एक रो-हाउस घेतलंय, कडेचं, नदी दिसणारं. महेशनं त्याला ओळखीनं सवलत दिली होती. मी त्याला विचारलं, मला आधी का सांगितलं नाहीस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग पानावरून उठताना म्हणाला, "आई, तू खोटं बोल असं मी म्हणत नाही. विचारतील तेवढंच सांग."

गंमत अशी, की भिमाजींच्या वकिलांनीही मला नेमकं हेच सांगितलं होतं.

सुनावणी तहसील कचेरीच्या एका लांबट खोलीत झाली. बाहेर बाकावर भिमाजी, भागुबाई आणि गावातले दोघे बसले होते. महेश मला बघून उठला आणि नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. भिमाजींच्या वकिलांनी पहिल्यांदा विचारलं, केव्हापासून जाता. मी साल सांगितलं. किती वेळा. दर रविवारी. मग त्यांनी विचारलं, अर्जदारांची बैलगाडी ह्या वाटेनं जाताना तुम्ही पाहिली आहे का.

मी "हो" म्हणाले. त्यांनी विचारलं, किती वेळा.

दर रविवारी. हे उत्तर होतं. मी झाडाला पाठ लावून उभी राहायचे, बैलांच्या अंगाचा वास यायचा, कोथिंबिरीचं पाणी गाडीतून ठिबकत असायचं. पण मी त्या क्षणी काय केलं, तर विचार केला. एखाद-दुसऱ्या रविवारी गाडी दिसलीही नसेल, शपथेवर बोलताना अचूक बोलायला हवं, असं मी स्वतःला सांगितलं. आणि मी म्हणाले, "काही वेळा."

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

मग महेशचे वकील उठले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. बागेत जाण्याआधी तुम्ही मालकिणीची परवानगी घेत होतात का. हो. दर वेळी? दर वेळी. त्यांनी नाही म्हटलं असतं तर गेला असतात? नाही. मग त्यांनी पुरवणीचं पान काढलं आणि माझा परिच्छेद मोठ्यानं वाचला. त्यांचं वाचन चांगलं होतं. "त्यांनी नाही म्हटलं, तर आमची वाट तिथेच संपेल." हे आपलंच लिखाण आहे ना, म्हणून विचारलं. मी "हो" म्हटलं.

भिमाजींच्या वकिलांनी उठून एवढंच म्हटलं की बाई फिरायला जात होत्या, अर्जदार धंद्याला, दोन्हीत फरक आहे. पण त्यात जोर नव्हता. तहसीलदार वयानं तरुण होते, सकाळपासून दहा दावे ऐकून थकलेले. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि मला आदरानंच विचारलं, "बाई, आणखी काही सांगायचंय?"

झुंबरबाईंचं वाक्य माझ्या तोंडात होतं. वाट हाय ती, वाटेला काय विचारायचं. मालकीण स्वतः काय म्हणाली होती ते मी ऐकलं होतं, आणि ते ऐकलेलं त्या खोलीत दुसरं कुणीच नव्हतं. सांगितलं असतं तर निकाल बदलला असता की नाही, मला माहीत नाही. अंगठ्यापुढे त्या वाक्याची किंमत किती, तेही माहीत नाही. पण त्यांनी विचारलं होतं. विचारतील तेवढंच सांगायचं म्हटलं तरी त्यांनी आता विचारलं होतं.

मी म्हटलं, "नाही."

बाहेर आले तर भिमाजींनी मला हात जोडले आणि वेळ काढून आलात म्हणाले. त्यांना आत काय झालं ते पुरतं कळलं नव्हतं. भागुबाईंना कळलं होतं. त्या दारातून ऐकत होत्या. पायऱ्यांवर त्या माझ्याजवळ आल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलल्या.

"तुम्ही खोटं नाय बोलल्या, बाई. मी ऐकलं समदं. पर आमच्या बांधावर बसून आमच्यातलं खाल्लं, आन हितं येऊन पाव्हण्यावाणी बोलल्या."

निकाल महिन्याभरानं लागला. वापर परवानगीनं होता, वहिवाट सिद्ध होत नाही, आणि अर्जदाराला नदीच्या बाजूनं जाण्यायेण्याचा मार्ग उपलब्ध आहे. अर्ज फेटाळला.

तो निकाल ऐकल्यावर मी जागी झाले म्हणा. वकिलांकडे गेले, मला पुन्हा जबाब द्यायचा आहे म्हटलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की आता वरच्या अर्जात नवा पुरावा घेत नाहीत, आणि तुम्ही आधी एक बोललात आता दुसरं बोलताय, म्हणजे तुमचाही विश्वास जाईल. मी भिमाजींना भेटायला मळ्यावर निघाले. खांबापासूनची वाट भिंतीनं अडली होती, म्हणून पाथर्डीच्या बाजूनं रिक्षानं गेले आणि नदीतून उलटी चालत आले. ते कोबीला पाणी देत होते. माझं सगळं ऐकून घेतलं. मी झुंबरबाईंचं वाक्य त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पाण्याची दारं बंद केली आणि मला विचारलं की हे तेव्हा का नाही सांगितलं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते स्वराजच्या घरापासून सुरू होत होतं.  ते म्हणाले, "राहू द्या आता," आणि पुन्हा दारं उघडली.

नदीच्या बाजूचा तो मार्ग म्हणजे काय, ते कचेरीतल्या कुणी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात कोरड्या पात्रातून गोट्यांवरून पाऊण तास. गाडी जात नाही. डोक्यावर पाट्या घेऊन दोघं नवरा-बायको जायची. पावसाळ्यात चार महिने काहीच नाही. पहिल्या वर्षी त्यांची तयार कोथिंबीर वावरात पिवळी पडली. भिमाजींनी बैल विकले. तरी जमीन विकली नाही. महेशनं तीनदा निरोप पाठवला, तीनदा ते नाही म्हणाले. दोन हजार पाचच्या श्रावणात भागुबाई फुलांची पाटी घेऊन पात्रातून येताना शेवाळलेल्या दगडावरून घसरल्या. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर शेवंतीचे वाफे वाळून गेले. दिवाळीत भिमाजींनी महेशला जमीन दिली, पहिल्यांदा सांगितलेल्या भावापेक्षा कमी भावात, आणि दोघं लेकीकडे सायखेड्याला गेली.

हे सगळं मला बेलगव्हाणच्या एका माणसाकडून कळलं. त्या वेळी मी पेरूबागेतच राहत होते. मी जाणार नाही म्हणाले होते. सहा महिने इंदिरानगरात एकटी राहिलेही. मग गुडघे दुखायला लागले, सुनेला दिवस गेले, जुनं घर भाड्यानं द्यायचं ठरलं, आणि मी गेले. कडेचं घर, नदी दिसते. सोसायटीत भिंतीच्या आतून फरशीचा गोल रस्ता आहे, त्यावर सकाळी लोक चालतात. रविवारचा आमचा गट आता महेश नेतो, गाड्यांतून बेलगव्हाणला. बारवेपाशी त्यानं पाटी लावलीय. गढीचा बुरूज एका पावसात पडला.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात मी सायखेड्याला गेले. स्वराजला सांगितलं नाही. एसटीनं गेले, गोदावरीच्या पुलाजवळ उतरले आणि विचारत विचारत घर शोधलं. लेकीचं घर बरं होतं, पुढे पडवी. पडवीत खाटेवर भागुबाई होत्या. बारीक झाल्या होत्या. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. लेकीनं मला खुर्ची दिली, चहा दिला, साखर टाकू का म्हणून विचारलं. तिला मी कोण ते माहीत नसावं. भिमाजी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत छाटणीला गेले होते. त्यांना बोलावणं धाडलं.

ते आले, हातपाय धुतले, माझ्यासमोर जमिनीवर बसले. मी खुर्चीतून खाली बसायला लागले तर नको म्हणाले. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी सांगितलं. त्यांनी माझ्या साखरेचं विचारलं, मी सांगितलं. इकडे कामाला माणसं मिळत नाहीत, मजुरी बरी आहे, असं ते बोलले. मी पिशवीतून एक पाकीट काढलं; रक्कम फार नव्हती, माझ्या पेन्शनमधली होती. त्यांनी ते हातात घेतलंच नाही. रागावले वगैरे नाहीत. लेकीच्या सासरी असं घेता येत नाही, एवढंच म्हणाले, जसं काही अडचण तेवढीच होती.

मग मी ज्यासाठी गेले होते ते बोलायला सुरुवात केली. स्वराजचं घर, आदल्या आठवड्यातलं जेवण, सगळं. मला वाटत होतं, निदान कारण तरी त्यांना माहीत असावं. पहिल्या चार वाक्यांत भागुबाईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच हात वर केला. भिमाजी उठले.

ते मला स्टॉपपर्यंत सोडायला आले. अर्धा तास आम्ही दोघं तिथे उभे होतो. उसाच्या गाड्या जात होत्या. मी त्यांना विचारलं की लेकीच्या गावात जुनं काही आहे का, देऊळ, वीरगळ. का विचारलं, मला कळत नाही, गप्प राहवेना. ते म्हणाले, असेल, मी बघितलं नाही.

एसटी आली. त्यांनी कंडक्टरला नाशिक म्हणून सांगितलं, मला वर चढायला हात दिला आणि खिडकीशी आले.

"बाई, परत येऊ नका. तुम्ही आल्या की हिला रातभर झोप लागायची नाय."

मी बरं म्हणाले. पुन्हा गेले नाही. पुढच्या वर्षी भागुबाई गेल्याचं कळलं ते पंधरा दिवसांनी. तेव्हाही नाही गेले.